पोरांची स्वतःची ढाल काढायची तर चार खाने पाडू नका, आधी एक वाक्य करा

ताई, प्रश्न वाचला तुमचा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, दुपारच्या उन्हात बाहेर सोडायची सोय नाही, त्यात कार्टूनमध्ये कोण्या राजपुत्राच्या ढालीवरचं चिन्ह पाहिलं तेव्हापासून दोघं मागे लागले की आमचं पण असं पाहिजे. तुम्ही नेटवरून एक कागद काढला, त्यात ढालीचे चार खाने, एकात आवडता प्राणी, एकात आवडतं जेवण, एकात कुटुंब अन् एकात मोठेपणी काय बनणार. अन् विचारून राहिल्या की हे बरोबर आहे का, आपण काही राजघराण्यातले नाही तर शोभते का, अन् सिंह-मुकुट काढला तर चालते का.

मी तालुक्याच्या गावी हायस्कूलला २७ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, त्याच्या आधी बोर्ड पेंटर होतो, कृषी केंद्राच्या पाट्या, ट्रॉलीमागची नावं, लग्नघरी भिंतीवर मोर अन् कलश, सगळं केलं. ढालीचा हा नाद एका जुन्या इंग्रजी पुस्तकावरून लागला अन् मग दर उन्हाळ्यात गावातल्या पोट्ट्यांना घेऊन बसायला लागलो. त्याच्यावरून लिहून राहिलो, थोडं लांब होईल.

पहिले तर तो चार खान्यांचा कागद चुलीत घाला. शाळा-शाळांत हेच वाटतात, मी पण सुरुवातीला दोन वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो. ढालीत चार खाने पाडतात ते आवडीनिवडी भरायला नाही, वारसा दाखवायला. बापाकडून एक चिन्ह आलं, आई तिच्या घरची वारस असली तर तिच्याकडून एक आलं, मग लेकराने पहिल्या अन् चौथ्या खान्यात बापाचं घेतलं, दुसऱ्या-तिसऱ्यात आईचं. म्हणजे दोन सातबारे एकाच्या नावावर झाल्यासारखं ते. तुमच्या पोरीपाशी अजून एक वावर नाही अन् आपण तिच्या नावावर चार गट नंबर चढवून राहिलो. दुसरं म्हणजे चार खान्यांत चार चित्रं काढली की दहा पावलांवरून फक्त गिचमीड दिसते, रेशन दुकानाच्या फलकासारखी, अन् ढालीचं सगळं काम तर लांबून ओळखू येणं हेच होतं.

ते कसं सुरू झालं ते पोरांना सांगा, त्यांना आवडते. बाराव्या शतकात तिकडे युरोपात सरदार लोक लोखंडी टोपात तोंड झाकून लढायचे, सामने खेळायचे, कोण कोणता ते समजेना, म्हणून ढालीवर मोठं, साधं, रंगीत काहीतरी. फ्रान्समध्ये ल मान्स गावी आंजूच्या जेफ्री नावाच्या सरदाराच्या थडग्यावरचा मीनाकारीचा पत्रा ठेवलेला आहे, तो मेला ११५१ मध्ये, त्याच्या हातात निळी ढाल अन् तिच्यावर सोनेरी सिंह. अन् त्याच्या नातवाचं थडगं इंग्लंडात सॉल्सबरीच्या मोठ्या चर्चमध्ये आहे, त्याच्या ढालीवर पण तेच सिंह. आजाचं चिन्ह नातवाकडे आलं, तिथून खरी गंमत सुरू झाली. अन् इंग्रजीत या चिन्हाला 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात, त्यातलं कोट काऊन, तर चिलखताच्या वरून जो कापडी अंगरखा घालायचे त्याच्यावर पण तेच चिन्ह असायचं, घोड्याच्या अंगावर पण त्याच चिन्हाचं कापड. ही गोष्ट आपल्या पोट्ट्यांना एका मिनिटात समजते. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल असते, तशी घोड्याची झूल, अन् झुलीवरून समजते बैलजोडी कोणाची. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या, लाकडी नंदीला पण तुम्ही हीच झूल करून देऊ शकता, पुढे सांगतो.

राजघराण्याचं म्हणाल तर ती भीती काढून टाका. स्वित्झर्लंड, हॉलंडकडे शेतकरी, लोहार, खाटीक, सगळ्यांनी आपापली चिन्हं ठेवली, नांगराचा फाळ ढालीवर असलेली घराणी आहेत. न्यूटन, तो सफरचंदवाला, त्याच्या ढालीवर काळ्यावर पांढरी दोन नळीची हाडं, फुलीसारखी, बस. हे सांगितलं की सगळे पोट्टे खुश होतात, पहिले अर्धा घंटा सगळेच हाडं काढतात. एल्टन जॉन नावाचा गाणारा आहे, त्याच्या ढालीत पियानोच्या पट्ट्या अन् तबकड्या. अन् २०११ मध्ये केट मिडलटनच्या लग्नाआधी तिच्या बापाने चिन्ह घेतलं, त्याच्यात ओकच्या झाडाची तीन फळं, कारण पोरं तीन, अन् मधून सोनेरी कैची, म्हणजे घराच्या छपराला असते तसा उलटा व्ही, ती सोनेरी काऊन तर आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ. पाहा, किती कमी सामान अन् किती सांगितलं. चार खाने असते तर यातलं एक बी लक्षात राहिलं नसतं.

इंग्लंडात हे द्यायला सरकारी कचेरी आहे, १४८४ पासून, स्कॉटलंडची वेगळी, कॅनडाने आपली १९८८ मध्ये काढली. भारतात अशी कचेरी नाही, म्हणून कोणाची परवानगी लागत नाही, पैसे भरायचे नाही, सही-शिक्का नाही. हां, कोणी नेटवर तुमच्या आडनावाचं प्राचीन चिन्ह म्हणून फ्रेम विकत असला तर घेऊ नका, इंग्लंड-स्कॉटलंडच्या रिवाजात चिन्ह आडनावाचं नसतंच, एका माणसाचं असते अन् त्याच्यापासून खाली वारशाने उतरते. म्हणून मी कुलचिन्ह म्हणत नाही. ढालच म्हणतो.

आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या ज्या इंग्रजी थाटाच्या ढाली दिसतात त्या बऱ्याचशा १८७७ च्या दिल्ली दरबारच्या, तेव्हाच्या व्हाइसरॉयने, लॉर्ड लिटनने, राजांना निशाणं वाटली अन् ती काढली बंगालमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या साहेबाने. म्हणजे ते बाहेरून आलेलं. पण दरवाजावर आपलं चिन्ह कोरायची रीत इथली जुनीच आहे. चंद्रपूरला जटपुरा गेटवर मान वर करून पाहा, हत्तीवर चढलेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह. अन् चिखलदऱ्याला गेलात तर गाविलगडच्या दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, हत्ती धरलेला, इमादशाहीच्या काळचा. पोरांना घेऊन जाच एकदा, अन् तिथं त्यांना एवढंच विचारा की याच्यात काय काय आहे, किती शब्दांत सांगता येते. 'हत्तीवर सिंह.' दोन शब्द. ५०० वर्षांनंतर बी दोन शब्दांतच.

आता मुद्द्यावर येतो. ढाल म्हणजे चित्र नाही, ढाल म्हणजे वाक्य. हे मला समजायला लय वर्षं लागली, कारण मी चित्रकलेचा माणूस. युरोपातल्या या ढालवाल्यांत असं आहे की खरं चिन्ह म्हणजे ते शब्दांत लिहिलेलं वर्णन, चित्र प्रत्येक पेंटरचं वेगळं असू शकते, सिंहाची शेपटी कोणी जाड काढेल कोणी बारीक, वाक्य तेच असलं तर ढाल तीच. वाक्याचा क्रम पण ठरलेला, पहिले ढालीचा रंग, मग मधली मुख्य वस्तू अन् तिचा रंग, मग आजूबाजूच्या, मग पट्टीवरच्या. 'हिरव्या ढालीवर पांढरं कापसाचं बोंड, वर पांढरी पट्टी, पट्टीत तीन लाल पळसफुलं.' संपलं.

म्हणून माझी पद्धत अशी की पेन्सिल हातात द्यायच्या आधी मी पोट्ट्याकडून वाक्य घेतो, अन् मग फोनचा खेळ. एका पोट्ट्याने ओसरीत बसून आपलं वाक्य फोनवर सांगायचं, दुसऱ्याने कोठ्यात बसून न पाहता काढायचं. दोघांच्या कागदावर सारखं आलं तर वाक्य पास. नाही आलं तर वाक्यात सामान जास्त आहे, काहीतरी काढून टाका. तुमच्या घरी मामाला नाही तर आजोबाला फोन लावा, आजोबांचा हात कसा बी असो, त्यांना काढता आलं पाहिजे. माझ्याकडे एका पोट्टीचं पहिलं वाक्य असं होतं की एक नदी आहे अन् तिच्या बाजूला आमचं घर अन् घरासमोर मी अन् माझी बकरी अन् मागे डोंगरातून सूर्य उगवून राहिला. मी म्हटलं हे तर ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेचं स्मृतिचित्र झालं बाई. तीनदा फोन झाल्यावर काय उरलं, 'निळ्या ढालीवर पांढरी बकरी, खाली पांढरी नागमोडी पट्टी'. नदी पण आली, बकरी पण आली. घर अन् ती स्वतः कुठं गेली, तर ढाल हातात धरणारी तीच आहे ना, तिला आत काढायचं काम काय.

रंगाचा नियम एकच आहे अन् तो पक्का आहे. पिवळा अन् पांढरा हे धातू, म्हणजे सोनं-चांदी. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पिवळ्यावर पांढरं नाही, काळ्यावर निळं नाही. कारण लांबून दिसत नाही, दुसरं काही नाही. हे पाठ करायला लावू नका, पोरांना रस्त्यावर नेऊन गाड्यांच्या नंबर प्लेटा दाखवा. खाजगी गाडी पांढऱ्यावर काळा, काळीपिवळी अन् मालवाहू पिवळ्यावर काळा, इलेक्ट्रिक गाडी हिरव्यावर पांढरा, भाड्याची इलेक्ट्रिक हिरव्यावर पिवळा, शोरूमची टेस्टची गाडी लालवर पांढरा. एक बी प्लेट नियम मोडत नाही, आरटीओवाल्यांनी सरदारांचं काही वाचलं नसेल पण डोळा तोच. माझ्या पोट्ट्यांनी मग मलाच पकडलं होतं, रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड, राज्य मार्गाचा वरून हिरवा खाली पांढरा तो पास, अन् राष्ट्रीय महामार्गाचा वरून पिवळा खाली पांढरा, सर हे धातूवर धातू आहे. आहेच. तिकडे पण एक मोठा अपवाद आहे, जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह, पांढऱ्यावर सोनेरी क्रूस, लोक म्हणतात मुद्दाम केलं, विचारावं म्हणून.

एक धातू अन् एक रंग, फार तर तिसरा. नारंगी या जुन्या यादीत धड बसत नाही, अन् इथं वऱ्हाड-नागपुरात दर दुसऱ्या पोट्ट्याला संत्रा काढायचा असतो, तर संत्रा सोनेरी करा. वाघ पण सोनेरी, काळे पट्टे. पळस लाल. छटा नाही, शेडिंग नाही, सावली नाही. माझ्या ड्रॉइंगच्या पिरियडला जे जे शिकवलं ते सगळं इथं विसरा.

काय काढायचं हे ठरवताना 'तुला काय आवडते' असं विचारू नका. डोरेमॉन येते, नाही तर क्रिकेटवाला येते, अन् सहा महिन्यांनी ते आवडत नाही. मी दुसरे प्रश्न विचारतो. तू घरी नसली तर पहिले कोणाला समजते? (बकरी अशीच आली.) घरचे तुला कायच्यावरून बोलतात? गावात तुझी बसायची जागा कोणती? कोणतं काम तू आईला न विचारता करते? एका पोट्ट्याने सांगितलं की मी रोज पाण्याची मोटर सुरू करायला जातो अन् लाइट नसली की वापस येतो, त्याची ढाल झाली काळी, तिच्यावर पिवळी वीज अन् खाली निळं-पांढरं पाणी. वीज वाकडी आली, पण लाइटीचा भरवसा तसाच आहे म्हणून राहू दिली. पोरींकडून आईची हत्यारं फार येतात, खुरपं, विळा, पेरणीचा सरता. अन् तिफण तर ढालीसाठीच बनवली असावी असं वाटते, तीन दांडे खाली येतात, कुठूनही ओळखू येते.

दुसरा रस्ता नावाचा आहे. युरोपात हे लय चालते, नावाचा श्लेष चित्रात. शेक्सपिअरच्या ढालीवर भाला आहे कारण नावातच स्पिअर आहे. बर्लिनचं अस्वल, स्पेनमध्ये कास्तीलचा किल्ला अन् लेओनचा सिंह, सगळे शब्दांचे खेळ. तुमच्या पोरीचं नाव तारा असलं, पल्लवी असलं तर सोपंच. नाव जमत नसलं तर गाव पाहा. आपल्या भागातली अर्धी गावं झाडांवरून आहेत, हिवरा, उमरी, सावरगाव, पळसगाव, बाभूळगाव, मोहाडी, चिंचोली, बोरी, पिंपळगाव, करंजावरून कारंजा. पूर्ण झाड काढू नका, पान काढा नाही तर फळ. पिंपळाचं पान लहान पोरगं बी ओळखते. बाभळीचा काटा काढा, दोन काटे इंग्रजी व्हीसारखे, काय सुंदर दिसते ते काळ्यावर पांढरं.

गाव घ्या म्हणतो याला अजून एक कारण आहे अन् ते स्पष्टच लिहितो. आपल्याकडे ढालीच्या जवळची चीज म्हणजे देवक, लग्नात मांडवाखाली पूजतात ते, कोणाकडे कळंब, कोणाकडे पंचपालवी, कोणाकडे मोरपीस. गोंड लोकांत पण प्रत्येक गोत्राचं झाड, प्राणी, पक्षी असते, ते तोडायचं-मारायचं नाही. घरच्या घरी आजीला विचारून तुम्ही देवकाचं पान ढालीवर घेतलं तर चांगलंच आहे, खरी वारशाची वस्तू आहे ती. पण पाच-दहा घरची पोरं एकत्र बसवून हे विचारू नका. मी एकदा विचारलं. पाच मिनिटांत देवकावरून आडनाव, आडनावावरून जात, अन् दोन पोरं गप झाली ती गपच राहिली, दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतर वर्गात कुळाचं नावच घेत नाही, माझ्या ढालीत गाव, काम अन् झाडं-जनावरंच.

आणखी एक गंमत, इथं काहीही काढा ते कोण्या ना कोण्या पक्षाचं निघते. कमळ, हत्ती, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, हाताचा पंजा, सायकल. पोरगं बिचारं तळ्यातलं कमळ काढते अन् दारावर लावलं की शेजारी विचारतो, काय पाटील, तिकीट भेटलं का. फार मनावर घेऊ नका, पण निवडणुकीच्या दिवसांत दारावर लावू नका.

मुलगा सहाचा आहे म्हणजे तो जेसीबी म्हणणार. लिहून ठेवा. नाही म्हणू नका, त्याला जुनी युक्ती शिकवा, पूर्ण वस्तू न घेता तिचा ओळखीचा भाग घ्यायचा. सिंह पूर्ण नसला तर सिंहाचं नुसतं मुंडकं घेतात, मानेपाशी सरळ कापलेलं नाही तर खालून झालर झाल्यासारखं ओढून काढलेलं, दोन्हीला वेगळी नावं आहेत. तसा जेसीबीचा फक्त पुढचा पंजा, काळ्यावर पिवळा. माझ्याकडे असे तीन झाले आतापर्यंत, तिघांचे पंजे वेगळे, एकाचा वर, एकाचा खाली, एकाचे दोन समोरासमोर.

जनावर काढलं तर त्याचं तोंड तुमच्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या, डाव्या हाताकडे. ढालीची उजवी-डावी बाजू धरणाऱ्याकडून मोजतात, जसा बंडीत बसलेल्या धुरकऱ्याच्या उजव्या हाताचा बैल तो उजवा, समोरून येणाऱ्याला तो डावा दिसला तरी. ढाल डाव्या हातात असायची, तोंड उलटं काढलं तर जनावर मागे पळून राहिल्यासारखं दिसते. जनावराची ऐट पण वाक्यात सांगायची, मागच्या पायांवर उभं, चालतं, बसलेलं, झोपलेलं. एका पोट्ट्याने झोपलेलं कुत्रं घेतलं, म्हणे आमचं तसंच असते. बरोबर आहे त्याचं.

सिंह-मुकुटाचं. मुकुट नका घेऊ, तो दर्जाचा असतो, शोभेचा नाही. सिंह चालते, पण खरं सांगू, सिंह सगळेच काढतात, अन् ज्याच्या गावात रोही, म्हणजे नीलगाय, येऊन सोयाबीन खाते त्याने सिंह काऊन काढावा? रोही काढा. रानडुक्कर तर युरोपात बी मानाचं जनावर आहे ढालीवर. फक्त एक पक्कं, अशोकस्तंभाचे सिंह अन् 'सत्यमेव जयते' हे घ्यायचं नाही. ते २६ जानेवारी १९५० पासून देशाचं राजचिन्ह आहे, त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. पोरांना कोणी पकडणार नाही पण ते आपलं एकट्याचं नाही हे समजलं पाहिजे.

दोन भावंडं आहेत तर भांडण होणारच, मोठीचं चिन्ह लहान्याला पाहिजे. यावर त्या लोकांनी ८०० वर्षं डोकं लावलेलं आहे. बापाचंच चिन्ह पण मोठ्या पोराला वर एक पट्टी, तिला खाली तीन लोंबते तुकडे, हुबेहूब आपलं तोरण. दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी. इंग्लंडात हे पोरांसाठी होतं, पोरींना या खुणा नव्हत्या, अन् ढालीच्या जागी पतंगासारखी चौकट दिली जायची. कॅनडाने नंतर पोरींच्या पण खुणा केल्या, पहिलीला बदाम, तिसरीला बर्फाचं फूल असं. तुम्ही यात पडू नका. मला सगळ्यात चांगला वाटतो तो दुसरा जुना उपाय, वस्तू तीच, रंग उलटे. ताईची निळ्यावर पांढरी बकरी, भावाची पांढऱ्यावर निळी. लांबून समजते एका घरचे आहेत, अन् कोणी मोठा-लहान नाही. पतंगाची चौकट विसरा, पोरीला ढालच द्या.

आता करायचं कसं. आकार ढालीचा कोणता बी चालतो, वाक्यात आकार येतच नाही. परात उलटी ठेवून गोल काढला तर आपली मावळ्यांची ढाल, तेही झकास. टोकाची पाहिजे असेल तर मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, वर ३० सेंमीची आडवी रेघ, दोन्ही टोकांपासून खाली सरळ १० सेंमी, मग सुतळीला पेन्सिल बांधून ३० सेंमीचा कंपास करा, एका बाजूच्या खालच्या बिंदूवर खिळा ठेवून समोरच्या बिंदूपासून खाली कमान मारा, मग दुसरीकडून तशीच. दोन्ही कमानी जिथे भेटतात ते टोक, पूर्ण उंची साधारण ३६ सेंमी येते. कॉपीच्या कागदावर करायचं तर ३० च्या जागी १८ अन् १० च्या जागी ६. जुन्या सुपावर पण करून पाहिलं मी, आकार काय मस्त बसते, पण एका आजीने सूप अस्सं हिसकावलं की त्या नादाला परत लागलो नाही.

मुलाला रंग देऊच नका, घोटीव कागद अन् कात्री द्या, बोथट टोकाची. कात्रीला शेडिंग करता येत नाही, बारीक मिशा-बिशा कापता येत नाही, आपोआप आकार मोठा अन् साधा होते, ढालीला पाहिजे तसाच. पेन्सिलीपेक्षा कात्री हे जास्त चांगलं शिकवते असं माझं मत झालेलं आहे. वाक्य त्याच्यासाठी एवढंच, ढाल कोणत्या रंगाची अन् तिच्यावर काय. एक वस्तू. मुलीला पोस्टर कलर चालतील, ती दोन-तीन वस्तूंचं सांभाळेल.

घरचे रंग वापरायचे तर गेरू लाल, कपड्याची नीळ निळी, कंदिलाची काजळी नाही तर कोळसा काळा, पांढऱ्यासाठी खडूची पूड फेविकॉलमध्ये. चुना पोरांच्या हाती देऊ नका, हात जळतात, डोळ्यात गेला तर मोठं लफडं. अन् चुन्यावर हळद तर लावूच नका. माझा पूर्ण वर्ग फसला होता, ढाली चुन्याने पांढऱ्या करून घेतल्या अन् पिवळ्यासाठी घरची हळद कालवून आणली, लावली तर सगळ्या वस्तू लालभडक, कुंकू तसंच तर बनते हळदीला चुना लावून. सोनं घालायला गेलो अन् लाल रंग झाला. नियमाने मात्र सगळ्या ढाली पास, पांढऱ्यावर लाल.

तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढायच्या असतील, मामा-मावशीला द्यायला, तर काळ्या-पांढऱ्यात रंग समजत नाही. त्याचाही इलाज आहे, सतराव्या शतकापासून चालत आलेला, रंगाच्या जागी रेघा. लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा आडव्या, हिरवा तिरप्या, काळा म्हणजे आडव्या-उभ्या जाळीच्या, सोनं म्हणजे ठिपके, चांदी कोरी. नऊ वर्षांच्या पोरीला हे गुप्त लिपीसारखं वाटते, एकदा कळलं की वहीचं एक पान सुटत नाही.

ढालीच्या वर टोप, त्याच्यावर तुरा, बाजूने दोन जनावरं, हे सगळं पूर्ण चिन्हात असते पण पहिल्या वर्षी राहू द्या. खाली ब्रीद पाहिजे असलं तर छोटं अन् पोराच्या तोंडचं. संस्कृत शोधायला जाऊ नका. इंग्लंडात ब्रीद केव्हाही बदलता येते, तुम्हीही बदलू द्या. माझ्याकडे एक पोट्टं रोज उशिरा यायचं, त्याच्या ढालीखाली त्याने स्वतःच लिहिलं, 'येऊनच राहिलो'. लॅटिनमध्ये याच्यापेक्षा चांगलं काही वाचलं नाही मी. ढालीच्या आत मात्र अक्षर नाही, नाव नाही, तारीख नाही, ते सगळं मागच्या बाजूला, वाक्यासकट.

झालं की ढाल कोठ्याच्या भिंतीवर टांगा अन् पोरांना घेऊन बांधाच्या दुसऱ्या टोकाला जा. तिथून काय दिसते ते पोरांनाच सांगू द्या. बकरीचं कुत्रं दिसत असलं तर शिंगं मोठी करा, इथं शिंगं खऱ्यापेक्षा दुप्पट काढायची मुभा आहे. मग तान्ह्या पोळ्यापर्यंत ठेवा जपून, अन् तेव्हा तेच वाक्य घेऊन नंदीसाठी कापडाची छोटी झूल शिवा, दोन्ही बाजूंनी चिन्ह. झुलीवर मात्र जनावराचं तोंड दोन्ही बाजूंनी नंदीच्या तोंडाकडे, म्हणजे एका बाजूचं उलटं येईल, तिथं ते बरोबर आहे, घोड्यांच्या झुलीवर पण तसंच करायचे.

मुलगा मध्येच कंटाळला तर उठू द्या, त्याची ढाल अर्धी राहिली तर राहू द्या. अन् झालं की फोटो पाठवू नका मला. दोघांना फोनवर बसवा अन् आपापलं वाक्य सांगायला लावा, मी इथं काढतो अन् पाठवतो, मग तुम्हीच पाहा जुळते का.